पालकाची सही

प्रिय भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकली असशील, म्हणून आधीच सांगते, बाबा ठणठणीत आहेत, मीही आहे, कुणी आजारी नाही. फोन केला असता तर तू उचलला नसतास. आणि उचलला असतास तर दुसऱ्या मिनिटाला मी तुला काहीतरी शिकवायला लागले असते. लिहिताना निदान खोडता येतं. हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीची दोन वाचून माझाच मला राग आला. तीन वर्षांत आपण एक शब्द बोललो नाही. तू दर रविवारी बाबांशी बोलतेस हे मला माहीत आहे. फोन वाजला की ते गॅलरीत कुंड्यांना पाणी घालायला जातात आणि अर्ध्या तासाने आत येऊन 'हवा छान पडली आहे' असं मला सांगतात. कुंड्या दोनच आहेत, त्यातलं एक झाड पाण्याने कुजलं.  हवापाण्याच्या ओघात त्यांच्या तोंडून निसटलेलं ऐकूनच कळलं की गाड्यांच्या आसनांबरोबर तू आता सोफेही शिवायला घेतेस, दुकानाला मागची खोली जोडलीस, आणि तुझी छोटी आता पाट्या वाचत रस्त्याने चालते. बरं वाटलं. हे मी तुला तेव्हाच कळवायला हवं होतं.

आता कामाचं. येत्या अठरा तारखेला आरोग्य समितीपुढे एक सुनावणी आहे आणि तिथे माझा अहवाल वाचला जायचा आहे. गावाबाहेर एका वस्तीच्या मागे जुन्या बॅटऱ्या फोडायचं आवार आहे. बॅटऱ्या फोडून आतलं शिसं उघड्यावर वितळवतात. तिथल्या दवाखान्यातली नर्स मागच्या थंडीत माझ्याकडे आली ती औषधाच्या गोळ्यांच्या कागदी पाकिटांत अकरा दात घेऊन. मुलांचे पडलेले दुधाचे दात, प्रत्येक पाकिटावर नाव आणि वय. मुलं चिडचिडी, अभ्यासात मागे, सारखं पोट दुखतं म्हणतात; रक्तात शिसं सापडलं होतं. पण आवाराच्या मालकाने एक तज्ज्ञ उभा केला होता आणि त्याचं म्हणणं असं की रक्त फार तर गेल्या महिन्या-दोन महिन्यांचं सांगतं, थोडंफार शिसं सगळ्यांच्याच अंगात असतं, आणि मुलं मागे पडतात ती आईबापांचं लक्ष नसतं म्हणून. ऐकायला पटण्यासारखं आहे. समितीला ते पटलं तर आवार चालू राहील आणि ज्या गल्लीत या अकरा मुलांची धाकटी भावंडं आज रांगतात ती माती तशीच राहील. नाही पटलं तर आवार बंद होईल आणि माती खणून बदलतील. एवढी सरळ गोष्ट आहे.

दात का, ते सांगते. तू एकदा लहानपणी प्रयोगशाळेत आली होतीस, पण तेव्हा मी तुला 'हात लावू नकोस' याखेरीज काही सांगितलं नव्हतं. दात आतल्या आत थरावर थर चढत वाढतो. जन्माच्या वेळी त्यात एक ठळक रेघ पडते, आणि त्या रेघेपासून मोजत गेलं की कुठला थर कितव्या महिन्यातला, ते पंधरा-वीस दिवस इकडे तिकडे धरून सांगता येतं. अंगात शिसं गेलं असेल तर त्या वेळच्या थरात ते अडकून राहतं. आम्ही दात उभा कापतो, आरशासारखा घासतो आणि त्यावर लेसरचे वार करतो. एकेका वाराने केसाच्या निम्म्या जाडीचा खड्डा पडतो. खड्ड्यातला कण तापून क्षणभर लखलखतो, आणि प्रत्येक मूलद्रव्याचा लखलखाट वेगळ्या रंगाचा असतो. तो प्रकाश फोडून वाचला की दातात काय काय आहे ते कळतं. शिसं इतकं थोडं असतं की नुसत्या प्रकाशावर भागत नाही, म्हणून तीच धूळ वायूच्या झोताने दुसऱ्या यंत्रात नेतो आणि ते यंत्र अणू वजनाप्रमाणे निवडून मोजतं. तुझ्या मशीनची सुई जशी टाक्यापुढे टाका घालत जाते तसा लेसर जन्माच्या रेघेपासून पुढे सरकतो. शिशाच्या अणूंतही वजनाचे चार प्रकार असतात, आणि त्यांचं आपसातलं प्रमाण खाणीप्रमाणे बदलतं. त्यामुळे हे शिसं त्या आवारातलं की दुसरीकडचं, तेही ओळखता येतं. वस्तीतल्या अकराही दातांत जन्मापासून शिसं चढतच गेलं होतं आणि अकराही ठिकाणी प्रमाण आवारातल्या राखेशी जुळत होतं.

प्रत्येक दातासाठी आईची परवानगी हवी, हा माझा हट्ट होता. नर्स म्हणाली, बायांनी दात आपणहून दिलेत, आणखी कागद कशाला. मी ऐकलं नाही. वस्तीत जाऊन, दवाखान्याच्या बाकावर बसून एकेकीला अर्ज वाचून दाखवला, दात कापला जाईल, परत मिळेल तो अर्धा, हेसुद्धा सांगितलं. एक बाई सही करून उठली आणि दारातून परत आली. म्हणाली, "माझ्या पोरीला मास्तर मठ्ठ म्हणतात. ते दिसेल का हो यात?" मी म्हटलं, यात फक्त शिसं दिसतं. "मग राहू दे," असं म्हणून ती हसली आणि गेली. मला दिवसभर काही सुचलं नाही. का ते तुला सांगायला नको.

अकरा दातांसमोर ठेवायला एक स्वच्छ दात हवा होता. शिशाशी कधी संबंध न आलेल्या मुलाचा दात तपासून दाखवला की 'सगळ्यांच्याच अंगात असतं' हे म्हणणं तिथल्या तिथे निकालात निघतं. घरी जेवताना मी हे बोलले. बाबा उठले, कपाटातून फोटोच्या फिल्मची जुनी डबी आणली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली. आत तुझी दुधाची दाढ आणि त्यांच्या अक्षरात तारखेची चिठ्ठी. पंचवीस वर्षं त्यांनी ती जपली आणि मला पत्ता नाही. मला इतका आनंद झाला की मी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळेत पोचले. याहून स्वच्छ नमुना कुठला मिळणार? रसायनशास्त्र शिकलेल्या आईची मुलगी, उकळलेलं पाणी, रोज दोनदा पुसलेली फरशी. नोंदवहीत नमुना बारा असं लिहिलं, अर्ज भरला, सही केली, दाढ कापायला दिली.

आलेखावर शिशाची रेघ जन्मापासून सपाट चालली होती. दहाव्या महिन्यानंतर ती जी उभी चढली ती वस्तीतल्या सगळ्यात वाईट दाताच्या वर जाऊन थांबली. मग तीन महिन्यांत हळूहळू उतरली. मी आधी यंत्राला दोष दिला. नळ्या धुतल्या, कोरी काच लावून पाहिली, कोरी निघाली. दाढेचा दुसरा अर्धा भाग घेतला, पहिले वार पृष्ठभागावरची घाण काढायला फुकट घालवले, पुन्हा मोजलं. तेच. तिसऱ्यांदा तेच. मग मी खुर्चीवर बसून बोटांवर महिने मोजले, तुझे, पहिल्यापासून.

तू अकरा महिन्यांची असताना आपण तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आलो. खिडक्यांच्या चौकटींना जुना हिरवा रंग होता, पोपडे आलेला. मला तो खपेना. बाबा म्हणाले, रंगाऱ्याला बोलवू. मी म्हटलं, ते लोक धड काम करत नाहीत. नोकरीवर रुजू व्हायला पंधरा दिवस होते. त्या पंधरा दिवसांत मी सहाही चौकटी पातं आणि कोरडा पॉलिशपेपर घेऊन लाकूड दिसेपर्यंत खरवडल्या. तू खाली फरशीवर बसून चमचा आपटायचीस, भिंगरीसारखी गोल फिरायचीस, हाताला येईल ते तोंडात घालायचीस. संध्याकाळी मी झाडून घ्यायचे आणि सगळं कसं लख्ख झालं म्हणून स्वतःवर खूश व्हायचे. जुन्या रंगात शिसं असतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मी त्यावर परीक्षेत उत्तर लिहिलं होतं. घर आणि परीक्षा यांचा संबंध माझ्या डोक्यात जुळला नाही, बस.

पण अंदाजाला मी पुरावा म्हणत नाही. गेल्या मंगळवारी त्या इमारतीत गेले. तिसऱ्या मजल्यावर आता एक उंच, दाढीवाला माणूस राहतो. खिडकीच्या चौकटीचा एक पोपडा हवा आहे असं सांगितल्यावर त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "खिडकी बघायला आलाच आहात तर न्हाणीघरातली गळती पण बघून जा." मी पाहिली. नळाची चकती बदलायला सांगितली. मग बिजागरीच्या मागे, जिथे माझं पातं तेव्हा पोचलं नव्हतं, तिथून नखाएवढा हिरवा रंग काढून घेतला. त्यातल्या शिशाचं प्रमाण तुझ्या दाढेशी जुळलं. आवाराशी त्याचा काही संबंध नाही. ते शिसं माझ्या हातून आलेलं आहे.

आता तुला जे सांगायचं ते बोलून दाखवायला मला जमलं नसतं. तुला पाढे येत नव्हते, एका जागी बसवत नव्हतं, वाचताना ओळ सुटायची. सातव्या वर्षी मी तुला जिन्यात उभं करत असे, पाठ झाल्याशिवाय आत यायचं नाही. शेजारचे वर-खाली करताना बघायचे आणि तू त्यांच्याकडे बघून हसायचीस, मला त्याचाही राग यायचा. शाळेच्या बाईंसमोर, पाहुण्यांसमोर, बाबांसमोर मी तुला मठ्ठ म्हटलं. बाबा म्हणायचे, तिचे हात बघ, हात किती हुशार आहेत. मी म्हणायचे, हातांना कोण विचारतं. आणि तीन वर्षांपूर्वी तुझ्या घरी, तू वाढत असताना, छोटीने एक कोडं सोडवलं तेव्हा मी म्हणाले, "आईवर गेली नाही म्हणजे मिळवली." तू हातातलं भांडं खाली ठेवलंस आणि माझी पर्स आणून दिलीस. जिना उतरताना मी बाबांना म्हटलं, हिला गंमतसुद्धा कळत नाही. ते माझ्या पुढे निघून गेले. बसस्टॉपवरही लांब उभे राहिले.

निकाल मी आमच्या संचालकांना दाखवला. माझ्याच हाताखाली शिकलेला माणूस आहे, मनाने चांगला आहे. तो म्हणाला, "मॅडम, अकरा दात बोलतायत ना? मग बाराव्याला कशाला तोंड उघडायला लावता? समोरचा वकील म्हणेल, तपासणाऱ्या बाईंच्याच घरात शिसं, आणि दोष आमच्या आवाराला. कशाला पायावर धोंडा पाडून घेता?" मी म्हटलं, नमुना आवडला नाही म्हणून वहीतून काढायचा, हे मी तुला शिकवलं होतं का? शिवाय तो आपल्या विरुद्ध नाहीच. शिसं कधी आलं, कुठून आलं आणि कधी थांबलं, हे दात वेगवेगळं सांगू शकतो, याचा त्या बाराव्या नमुन्याइतका धडधडीत दाखला दुसरा नाही. मालकाचा तज्ज्ञ म्हणतो शिसं इथूनतिथून सगळीकडून येतं. मग हे घ्या, दुसरीकडून आलेलं शिसं असं दिसतं, आणि त्या अकरा मुलांचं तसं दिसत नाही. संचालक डोकं धरून बसला. तेवढ्यात नोंदवही सांभाळणारे गृहस्थ आत आले. लाल शाईने शेरे मारत बसतात म्हणून सगळे त्यांना शेरेबहाद्दर म्हणतात, आणि तेही त्या नावाला ओ देतात. माझा अर्ज दोन बोटांत धरून ते म्हणाले, "मॅडम, याच्यावर पालकाची सही तुमची आहे."

मी म्हटलं, आई आहे मी, दुसऱ्या कुणाची असणार?

"तसं नव्हे," ते म्हणाले, "हे मूल चौतीस वर्षांचं आहे."

संचालकाचा चेहरा असा उजळला की त्याला त्या शेऱ्यावर वही ओवाळून टाकावीशी वाटली असेल. सज्ञान व्यक्तीची परवानगी नाही, सबब नमुना बाद, कुणाच्याही अंगाला काही लागत नाही. नियमाने त्याचं बरोबर होतं. वस्तीतल्या प्रत्येक बाईला मी बाकावर बसवून समजावलं होतं, आणि तुझ्या वेळी उभ्या उभ्या सही ठोकली. दाढ माझ्या घरात होती म्हणून ती माझी. तुझ्या बाबतीत मी नेहमी असंच धरून चालले असणार, नाहीतर तेहतीस वर्षं असले अर्ज तपासणाऱ्या बाईच्या हातून अशी चूक होत नाही. शेरेबहाद्दरांनी लाल पेन माझ्यासमोर धरलं. मी म्हटलं, अजून शेरा मारू नका, मला आठ दिवस द्या. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि खिशात ठेवलं. संचालकाने पुढच्या सोमवारपर्यंत मुदत दिली आहे, नाइलाजाने.

म्हणून हे पत्र. सोबत नवा अर्ज आहे, 'पालक' हा शब्द मी त्यातून खोडला आहे, तिथे फक्त सही हवी आहे, तुझी. केलीस तर अहवालात तुझं नाव येणार नाही, पण नमुना बारा कुणाचा असं मला विचारलं जाईल आणि मी खोटं सांगणार नाही. शिसं घरात कसं आलं तेही सांगेन. खिडक्या मी खरवडल्या हे सांगायला मला कुणाची परवानगी लागत नाही, पण ते तुझ्या दाढेत सापडलं हे सांगायला लागते. वस्तीतल्या मुलांसाठी ही सही व्हावी असं मला मनापासून वाटतं, तरी त्या मुलांचं ओझं मी तुझ्या डोक्यावर देणार नाही. नाही म्हणालीस तर अकरा दात घेऊनच उभी राहीन आणि तेवढ्यावर लढेन, आणि तुझी दाढ तुला परत पाठवीन. कापलेली आहे, त्याबद्दल क्षमा माग असं मला कुणी सांगितलेलं नाही, मी मागते आहे. तुझे पाढे त्या शिशानेच अडवले का, हे मला सांगता येत नाही. शंभर मुलांबद्दल सांगता येतं, एकाबद्दल नाही, आणि तुला बरं वाटावं म्हणून सोयीचं उत्तर मी देणार नाही. पण तुला मठ्ठ म्हणताना माझ्याकडे कसलाही पुरावा नव्हता, आणि पुराव्याशिवाय मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्याही कागदावर काही लिहिलेलं नाही. तो शब्द मी मागे घेते. बाबांच्या मध्यस्थीने उत्तर पाठवू नकोस, ते दोन्हीकडे गोड बोलतात. हो किंवा नाही, मला लिही.

तुझीच, आणि यापुढे तुझं तुला विचारून करणारी,
आई